‘न्यूज’ चार दिशांपासून बनलेला नाही

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ यांची आद्याक्षरे जोडून ‘न्यूज’ शब्द झाला, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. अक्षरे चपखल जुळतात, म्हणून तो सहज पटतो.

प्रत्यक्षात इंग्रजी ‘न्यू’ म्हणजे नवा आणि ‘न्यूज’ हे त्याचे अनेकवचन: नव्या गोष्टी. फ्रेंचमधला बातमीचा शब्द ‘नुव्हेल’ही असाच घडला.

पडताळायचे असेल तर आधी जुनी स्पेलिंगे पाहा. १५व्या-१६व्या शतकांत ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असेही लिहीत. मग त्या जादा ‘ई’ला कोणती दिशा द्यायची? त्या काळच्या मजकुरात हा शब्द अनेकवचनीही सापडतो, ‘या बातम्या’ म्हणावे तसा. आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची रीत तर २०व्या शतकापूर्वी फारच विरळ होती.

सर्वांत बोलका पुरावा डचमध्ये आहे. तिथे बातमीला ‘नीउस’ म्हणतात, पण दिशा आहेत नोर्ड, ओस्ट, वेस्ट, झाउड. आद्याक्षरांतून तो शब्द निघतच नाही.

जर्मन ‘नॉय’, डच ‘नीउ’, संस्कृत ‘नव’ आणि आपला ‘नवा’ एकाच मुळाचे. इंग्रजी, जर्मन, डच यांच्या जर्मानिक भाषाकुळाच्या धर्तीवर हौसेने नवी कृत्रिम भाषा रचणाऱ्यांनीही बातमीचा शब्द याच मुळावरून घ्यावा. आद्याक्षरे जोडली तर तो त्या कुळात उपराच राहील.