तीस इंची बेसची कुळकथा

गेल्या शारदा उत्सवात आमच्या मंडळाच्या मंडपात दोन बेस गिटारी, म्हणजे खर्जाचे सूर देणाऱ्या चार तारांच्या गिटारी, शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक माझी, दुसरी वडशाहून आलेल्या ऑर्केस्ट्रातल्या एका पोराची. पेटीवाले काका दोन्हींकडे पाहत राहिले आणि माझ्या गिटारीला हात लावून म्हणाले, "हे लायनं पोट्ट्यायसाठी आहे का जी?" पोरगा गालातल्या गालात हसला. मी मंडपवाल्याकडून टेप मागून घेतला. त्याची भरली ३४ इंच, माझी ३०. काकांनी "मंग?" असं म्हणून मान हलवली. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

काकांचा दोष नाही. बेस विकणारेही बरेचदा तसंच सांगतात: मोठा तो पूर्ण, छोटा तो शिकाऊंसाठी. पण या चार इंचांचा इतिहास काढला तर आधी जन्मलेला छोटाच निघतो. मोठा मागाहून आला आणि पुढे त्यालाच मानाचं पान मिळालं.

टेप कुठे लावायचा ते आधी सांगतो, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तो लाकडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावतो. मोजायची असते ती तारेची वाजणारी लांबी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीपासून, जिला नट म्हणतात, खाली ब्रिजपर्यंतची, म्हणजे तारा पोटावर जिथे टेकतात तिथपर्यंतची. घाई असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा; फ्रेट म्हणजे मानेवरचे धातूचे आडवे पडदे. बाराव्या फ्रेटवर तार बरोबर अर्धी होते, तिथे खालच्या सा-चा वरचा सा लागतो. ही लांबी ३४ इंच असेल तर लाँग स्केल, ३२ असेल तर मीडियम, ३०च्या आसपास असेल तर शॉर्ट स्केल.

या सगळ्यांचा आजा म्हणजे उभा डबल बेस. माणसाएवढा उंच, पोटात पोकळ, तारेची लांबी ४१-४२ इंच. पडदे नाहीत, त्यामुळे बोट नेमकं कुठे ठेवायचं हे कानावरच. अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये तो असायचाच, पण बाकीची वाद्यं विजेवर मोठी होऊ लागली तसा त्याचा आवाज बुडत गेला. शिवाय न्यायचा कसा? मोटारीच्या टपावर बांधून. झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीची गाडी ज्याने पडदे, पेट्या आणि माणसांसकट भरताना पाहिली आहे त्याला ही अडचण वेगळी समजावायला नको.

तोडगा पहिल्यांदा काढला तो सिएटलच्या पॉल टटमार्क या गिटार शिकवणाऱ्या माणसाने. १९३६च्या सुमारास त्याच्या ऑडिओव्हॉक्स कंपनीने एक भरीव लाकडाचा, पडद्यांचा, विजेवर चालणारा, आडवा धरून वाजवायचा बेस बाजारात आणला. मॉडेल क्रमांक ७३६. तारेची लांबी तीस इंचांहून जरा जास्त. फार खपला नाही, लवकरच विस्मरणात गेला. पण आज आपण ज्याला बेस गिटार म्हणतो त्याची सगळी लक्षणं त्यात होती आणि तो शॉर्ट स्केल होता.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९५१ साली, कॅलिफोर्नियात फुलर्टनच्या लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला. हा फेंडर रेडिओ दुरुस्तीवाला. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांच्या तक्रारी मन लावून ऐकायचा. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वेगवेगळ्या लांब्या करून पाहिल्या आणि ३४ वर थांबले. डबल बेसचे ४२ आणि गिटारचे २५ यांच्या मधली ही तडजोड. हा बेस इतका चालला की पुढे त्या तडजोडीचाच नियम झाला. लोक तर बराच काळ कुठल्याही बेस गिटारीला फेंडर बेसच म्हणत, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

पण बाकीच्यांनी तो नियम लगेच मानला नाही. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी गिटार कंपनीने १९५३ मध्ये आपला इलेक्ट्रिक बेस आणला तो साडेतीस इंचांचा, व्हायोलिनच्या आकाराचा. त्याच्या बुडाला ओढून लांब करता येणारा दांडा होता, म्हणजे वाटलं तर उभा करून वाजवा, वाटलं तर गळ्यात अडकवा. जर्मनीत हॉफनर हे मुळात व्हायोलिन करणारं घराणं, १८८७ पासूनचं. त्यांनी १९५६च्या सुमारास ५००/१ नावाचा पोकळ, हलका, तीस इंची बेस काढला. तोही व्हायोलिनसारखाच दिसायचा, आणि कारागिरांची परंपरा पाहता ते साहजिकच होतं.

हाच बेस १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्स या इंग्लिश बँडच्या, विशीही न गाठलेल्या पॉल मॅकार्टनीने घेतला. कारणं अगदी व्यवहारी. किंमत तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे खिशाला झेपणारी. आणि तो डावखुरा. हॉफनरचे दोन्ही खांदे सारखे असल्यामुळे उलटा धरला तरी वेडावाकडा दिसत नव्हता. बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवरचा बेस हाच. त्यानंतर जगातल्या कितीतरी पोरांना बेस म्हटलं की हाच आकार डोळ्यापुढे यायचा. तो मूळ बेस १९७२ मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेला आणि पन्नासएक वर्षांनी सापडून मालकाकडे परत आला. २०२४च्या फेब्रुवारीत ही बातमी जाहीर झाली. आमच्याकडे चोरीला गेलेली सायकल पाच दिवसांत सापडत नाही.

मग "पोट्ट्यायसाठी" हा शिक्का कुठून लागला? माझ्या मते मुख्यतः फेंडरकडूनच. १९६६ मध्ये त्या कंपनीने मस्टँग बेस आणला, तीस इंची. मस्टँग नावाच्या गिटारी दोन वर्षं आधीपासून विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकल्या जात होत्या. बेसही त्याच रांगेत बसवला. मोठी किंमत असलेला तो मोठा, कमी किमतीचा तो छोटा. पुढे आलेला म्युझिकमास्टर बेस तर आणखी स्वस्त. त्यात बेसचा नव्हे, गिटारीचाच पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, झाकणाखाली बसवलेला असायचा. असल्या वाद्याचा आवाज पातळ निघाला तर खापर लांबीवर फुटणारच. वास्तविक मस्टँग रोलिंग स्टोन्स बँडच्या बिल वायमनने वाजवला, टॉकिंग हेड्स बँडच्या टीना वेमथने वाजवला. त्यांना कोणी शिकाऊ म्हटलं नाही.

दुसरा आरोप उलट्या टोकाचा: शॉर्ट स्केल म्हणजे गढूळ आवाज. हा गिब्सनच्या ईबी-० आणि ईबी-३ वरून आला. क्रीम या बँडचा जॅक ब्रूस ईबी-३ वाजवायचा. या दोन्ही बेसमध्ये एक भलामोठा पिकअप मानेला अगदी खेटून बसवलेला होता. तार मध्याकडे जितकी जवळ ऐकाल तितका खर्ज जाड आणि टोक बोथट. विहिरीत वाकून बोलल्यासारखं. तोच पिकअप ३४ इंची बेसला तिथेच लावा, तोही घुमेल.

लांबीचा खरा परिणाम वेगळा आहे. एकच तार, एकच सूर, पण लांबी ३४ वरून ३० वर आणली की ताण शेकडा २२ ने कमी होतो. ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. तार ढिली म्हणून तिचा झोल मोठा. वरचे बारीक सूर कमी, मूळ सूर गोल. जोरात ओढली तर फ्रेटवर आपटून किरकिरते, म्हणून हात हलका ठेवायला शिकावं लागतं. डाव्या हाताचं म्हणाल तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत ३४ इंचीवर ५.१ इंचांचा पसारा, ३० इंचीवर साडेचार. अर्ध्या इंचाचं काय एवढं, असं वाटेल. दिवसभर धान कापून रात्री भजनात दोन तास बसा, मग सांगा.

एवढ्यावर लहान हातांचं वाद्य म्हणून विषय मिटला असता. पण स्टॅनली क्लार्कचं काय करायचं? हा माणूस ४२ इंची डबल बेस लीलया वाजवणारा, बोटं लांबसडक. इलेक्ट्रिक बेस निवडताना त्याने अलेम्बिक कंपनीचा शॉर्ट स्केल घेतला, पावणेएकतीस इंची, आणि त्यावर गिटारवाल्यांना लाजवेल अशी धावाधाव केली. ज्याला मोठा सहज झेपतो त्यानेच छोटा उचलला.

आपल्याकडे बेस कानावर पडला तो हिंदी सिनेमातून. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. गावात मात्र ती गाणी यायची ट्रान्झिस्टरवरून किंवा लग्नातल्या भोंग्यातून, आणि भोंग्यातून खर्ज येतच नाही. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. लहान स्पीकरमधून त्याच्या फक्त वरच्या छटा येतात, आणि त्यावरून खालचा सूर आपला कान मनानेच भरून काढतो. म्हणजे एक अख्खी पिढी बेस न ऐकता बेस ऐकत आली. पुढे मोठे बॉक्स आले तोवर कीबोर्डही आला होता. आमच्या भागात आता नाटकात काय, ऑर्केस्ट्रात काय, बेसचं काम बहुतेक ऑर्गनवाल्याचा डावा हात करतो. बेस गिटार घेऊन बसलेला माणूस विरळा. म्हणून तर काका त्या दोन्हींकडे तसे पाहत राहिले.

मी ती घेतली जुनी, नागपूरहून, मोठ्या नावाची नाही. घरात एकच मोठी खोली, तीत धानाची पोती, पलंग आणि कूलर. पलंगावर मांडी घालून बसलं की ३४ इंचीचं डोकं भिंतीला लागतं, हिचं नाही लागत. घेण्याचं पहिलं कारण एवढंच होतं.

भजनात मात्र वेगळीच पंचाईत झाली. आमच्या मंडळात तुकडोजी महाराजांची भजनं खंजेरीवर चालतात आणि गाणारे बुवा काळी दोनच्या, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, खाली उतरत नाहीत. बेसच्या मोकळ्या तारा आहेत पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. काळी दोनचा सा मोकळ्या तारेवर कुठेच नाही. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की सगळ्यात जाड तार आपोआप काळी दोनवर येते, मोकळी, आणि हात मोकळा राहतो. पण अर्धा सूर उतरवताना ताण आणखी शेकडा ११ ने घटतो. आधीच ढिली तार, ती पाट्यावरच्या वाटणासारखी पसरते. दोन-तीन भजनांपर्यंत मी ते सहन केलं, मग जाड तारांचा संच मागवायचं ठरवलं.

इथे आमची फजिती झाली. विकणाऱ्याने पाठवला तो लाँग स्केलचा संच. परत पाठवायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. मी पक्कड घेतली आणि जादा तार सरळ कापली. कापल्या टोकापासून वरची वेटोळी सुटू लागली आणि खुंटीला गुंडाळेपर्यंत तारेचा सूर मेला. जाड तार आधी खुंटीच्या मापाने काटकोनात वाकवायची आणि मगच पुढचं टोक कापायचं, हे मला त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शिवाय लाँग स्केल तारेचा जाड भागच खुंटीवर चढतो, नीट बसत नाही. जिथे तार बारीक व्हायला हवी ती जागा चार इंच पुढे असते. तेव्हापासून पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलेलं दोनदा वाचल्याशिवाय पैसे देत नाही. सध्या चपट्या वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावल्या आहेत. बोट घासल्याचा आवाज येत नाही, पेटीशी जुळतात, आणि त्यांचा ताणही जरा जास्त असतो.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत कूलरची ओली हवा, अशात मान वाकते आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. मानेतला लोखंडी रॉड पाव वेढा फिरवला की पुन्हा ठिकाणावर येते. पाव वेढाच, अर्धा नाही. गिटार कूलरसमोर टेकवून ठेवू नका हे त्याहून सोपं.

तर मंडपातली ती रात्र. आरती झाली, ऑर्केस्ट्रा सुरू व्हायला अवकाश होता. वडशाच्या पोराने विचारलं, "पाहू का भाऊ?" मी दिली. त्याने अंदाजाने डावा हात ठेवला तो दोन फ्रेट पुढेच पडला. मोठ्या लांबीची सवय. सूर चुकला, काका खळखळून हसले. तो पुन्हा खाली आला, डोळे मिटून हळूहळू वाजवत गेला. पाचेक मिनिटांनी काकांनी आपसूक पेटी उघडली आणि काळी दोनवर सा धरला. पोरगा मोकळ्या तारेवर सा देत राहिला, डाव्या हाताने काहीच न करता.

ऑर्केस्ट्राच्या मालकाने हाक मारली तेव्हा त्याने गिटार परत दिली आणि विचारलं, "या तारा कोणत्या पाकिटातल्या आहेत?" मी खिशातून रिकामं पाकीट काढून त्याला दिलं. मोबाईलच्या उजेडात त्याने त्यावरचं शॉर्ट स्केल हे बारीक अक्षर बोट ठेवून वाचलं.