जाहिरात-आरेखन, समाजमाध्यमांवरील (गोवा)

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप इत्यादी समाजमाध्यमांवर माल, सेवा, कार्यक्रम वा व्यक्ती यांची जाहिरात करण्यासाठी अक्षरे, छायाचित्र, रेखाटन व रंग यांची मांडणी करण्याची उपयोजित कला. अशा एका चित्राला व्यवसायात ‘पोस्ट’ किंवा ‘क्रिएटिव्ह’ म्हणतात; फ्लेक्स छापणारे जुने लोक त्यालाही ‘बॅनर’च म्हणतात. चलचित्रांचा (रील) विचार येथे केलेला नाही. रीलचे कव्हर मात्र स्थिर चित्रच असल्याने पुढील विवेचन त्याला लागू पडते.

गोव्यात या कलेपुढे जो प्रश्न ठळकपणे उभा राहतो तो लिपीचा. गोवा राजभाषा अधिनियम, १९८७ अन्वये देवनागरी कोकणी ही राजभाषा असून मराठीलाही शासकीय कामकाजात स्थान आहे. तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा प्रेक्षक कोकणी रोमी (रोमन) लिपीत वाचतो आणि पर्यटकांसाठी इंग्रजी लागते. एकाच दुकानाची एकच सवलत चार वाचकवर्गांपर्यंत पोचवायची, तीही हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर, अशी ही कसरत असते.

आरंभ : या कलेचा गोव्यातील आरंभ कोठून धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. काटेकोर तांत्रिक अर्थाने तो फेसबुकने व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने सुरू केली त्या नोव्हेंबर २००७ च्या मागे नेता येत नाही. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आले आणि त्यावर व्यावसायिक खात्यांची सोय २०१६ साली झाली. तथापि गोव्यातील दृश्य संज्ञापनाचा कोणताही इतिहास १५५६ पासून सुरू करण्याची रीत पडून गेली आहे. अ‍ॅबिसिनियाला निघालेला छापखाना त्या वर्षी गोव्यात उतरला व जुने गोवे येथील सेंट पॉल महाविद्यालयात बसवला गेला. भारतातील तो पहिला छापखाना होय. जुआंव द बुस्तामांत हे त्याचे पहिले मुद्रक. १५५७ मध्ये तेथे फ्रान्सिस झेवियर यांची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी छापली गेली.

या परंपरेशी आजच्या पोस्टचे नाते जोडणे आकर्षक असले तरी त्यातील दुवे कच्चे आहेत. थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमी लिपीत. देवनागरीचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) पाडण्याचे मनात होते, पण ते तडीस गेले नाही. जोडाक्षरांमुळे लागणारी खिळ्यांची मोठी संख्या हे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. वाचक प्रामुख्याने पाद्री असल्याने गरजच भासली नसावी, असाही तर्क करता येतो. दोन्ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत. १७५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने मुद्रणावर बंदी घातली आणि १८२१ मध्ये ‘गॅझेटा द गोवा’ निघेपर्यंत ती टिकली. म्हणजे मधली सुमारे सात दशके छपाईच नव्हती. त्यामुळे देवनागरीतील जाहिरात-मांडणीचा जवळचा पूर्वज शोधायचा तर तो छापखान्यापेक्षा जत्रेतील नाटकाचे हस्तपत्रक आणि हाताने रंगवलेला फलक यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. वर मधोमध ‘श्री प्रसन्न’, खाली ‘सालाबादप्रमाणे’, नाटकाचे नाव ठसठशीत तांबड्या अक्षरांत, ‘रात्रौ ठीक १० वा.’, मग भूमिका व कलाकार यांची दुहेरी यादी आणि तळाला ‘रसिकांनी लाभ घ्यावा’. हा क्रम फोंडे, डिचोली वा पेडणे महालातील आजच्या व्हॉट्सअ‍ॅप पोस्टमध्येही बहुधा तसाच राहिलेला दिसतो. रोमी कोकणीत हेच काम तियात्राच्या रस्त्याकडेच्या फलकांनी केले. १९६१ नंतरच्या मराठी वृत्तपत्रांतील जाहिरातींचा वाटा त्यापुढे दुय्यम ठरतो.

लक्ष वेधण्याची तत्त्वे : लक्ष, रुची, इच्छा व कृती ही चार पायऱ्यांची साखळी अभ्यासक्रमांत हमखास शिकवली जाते. तिचे जनकत्व अमेरिकन जाहिरातदार एलायस सेंट एल्मो लुइस यांना, १८९८ चा हवाला देऊन, दिले जाते. हे श्रेय मुख्यतः एडवर्ड स्ट्राँग यांच्या १९२५ मधील उल्लेखावर उभे आहे. चार शब्दांच्या आद्याक्षरांचे प्रचलित रूप १९२१ च्या सुमारास सी. पी. रसेल यांच्या लेखनात दिसते. तेव्हा कल्पना लुइस यांची व नाव नंतरचे, असे मानणे इष्ट.

वेगळी वस्तू उठून दिसते, या तत्त्वासाठी हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ स्त्रीच्या १९३३ च्या प्रयोगांचा दाखला दिला जातो. मात्र ते प्रयोग स्मरणाविषयीचे होते, पहिल्या दृष्टिक्षेपाविषयीचे नव्हते; मार्गदर्शिकांमधून ही गल्लत सर्रास आढळते. दृष्टिक्षेपासाठी अ‍ॅन ट्रीसमन व गॅरी जेलाड यांचा १९८० मधील सिद्धांत अधिक उपयोगी पडतो. त्यानुसार रंग, कल किंवा आकार यांपैकी एकाच गुणाने वेगळी असलेली गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते; दोन गुणांच्या मिश्रणाने वेगळी असलेली मात्र शोधावी लागते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात याचा पडताळा येतो. सराफापासून मोबाइल दुकानापर्यंत सर्वांच्या पोस्ट केशरी-सोनेरी असतात, प्रत्येकीत गणपती असतो आणि कोणतीच नजरेत राहत नाही. पांढऱ्या भूमीवर माटोळीतील (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीतील) सुपारीचा एकच घड दाखवणारी पोस्ट त्या गर्दीत रंगानेच वेगळी पडते. गणपती नसलेली चवथीची पोस्ट मंजूर करणारा गिऱ्हाईक विरळा, हा भाग निराळा.

अक्षर : देवनागरीच्या संगणकीय इतिहासाचा या कलेवर खोल ठसा आहे. युनिकोड या लिप्यांना सामायिक संगणकीय संकेत देणाऱ्या मानकाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा टंक (फॉन्ट) घरोघरी पोचला. तरीही चित्रसंस्करणाच्या आज्ञावल्या दीर्घकाळ देवनागरीला अनुकूल नव्हत्या. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची अक्षरजुळणी अनेक वर्षे स्वतंत्रपणे निवडावी लागे. ती न निवडल्यास पहिली वेलांटी व्यंजनानंतर जाऊन पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. म्हणून छपाईवाले श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा युनिकोडपूर्व टंकांना धरून राहिले. त्या टंकांतील मजकूर दुसरीकडे चिकटवला की रोमी अक्षरांचा गोंधळ उमटतो. परिणामी पोस्टमधील मजकूर आणि तिच्या खालची ओळ वेगवेगळी टंकलिखित होते व एकीतील तारीख दुसरीत चुकते.

मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. युनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र स्थान नाही. टंकात सोय असल्यास व भाषा मराठी निवडल्यासच ते मिळतात. बहुतेक फोनवर हिंदी वळणच दिसते. टिरो देवनागरी मराठी हा टंक या गरजेतूनच वेगळा काढलेला आहे. ठळक मथळ्यांसाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे बालू, मोदक व मुक्त हे टंक वापरात आहेत. पॉपिन्स हा देवनागरी व रोमी यांचा मेळ साधणारा टंक द्विभाषिक पोस्टसाठी सोयीचा पडतो. रोमी अक्षरांमध्ये अंतर सोडले की डौल येतो, तोच प्रयोग देवनागरीवर केला की शिरोरेषा तुटते. अक्षरे कमानीवर बसवली तरी तेच. ओळींमधील अंतरही रोमीपेक्षा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

बारीक अक्षरांत पहिला बळी अनुस्वाराचा जातो. समाजमाध्यमे चित्र जेपेग पद्धतीने दाबतात. या पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे तुकडे पडतात आणि रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा बहुधा निम्म्या बारकाईने साठवली जाते. त्यामुळे रंगीत भूमीवरील तांबडे अक्षर काठाशी विरघळते व टिंब पुसट होते. भांड्यांच्या दुकानाची ‘भांड्यांवर सवलत’ मग ‘भाड्यांवर सवलत’ अशी वाचली जाते. कोकणीत ‘बरें’, ‘करूं’ असे अनुस्वार पावलोपावली येत असल्याने तेथे हानी अधिक. गॅलरीत उतरवून घेतलेले चित्र पुन्हा चढवले की ते पुन्हा दाबले जाते. मंदिर समितीची पोस्ट गावभर फिरून आली की तिची कडा ओळखू येत नाही ती यामुळेच. पोस्ट दस्तऐवज म्हणून पाठवल्यास ही हानी टळते. २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर अधिक स्पष्ट चित्र पाठवण्याची सोयही झाली.

मापे : इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत फक्त चौरस चित्रे चालत. आज चौरस (१०८० × १०८०), उभे (१०८० × १३५०) आणि स्टोरीचे (१०८० × १९२० पिक्सेल) अशी तीन मापे प्रचलित आहेत. स्टोरीत वर व खाली निदान २५० पिक्सेल मजकुराविना ठेवावे लागतात, कारण तेथे खात्याचे नाव व उत्तराची चौकट येते. जानेवारी २०२५ मध्ये खातेपानावरील चौकटी ३ : ४ प्रमाणात उभ्या झाल्या. जुन्या चौरस पोस्टच्या दोन्ही बाजू तेथे प्रत्येकी १३५ पिक्सेलांनी कापल्या जातात आणि कडेपर्यंत ताणलेले मथळे अर्धवट दिसतात.

१०८० पिक्सेल रुंदीचे चित्र फोनवर सुमारे ६८ मिमी. रुंद दिसते. त्या हिशेबाने ३० पिक्सेल टंकाकाराच्या देवनागरी अक्षराचा गाभा जेमतेम सव्वा मिमी. भरतो. रस्त्याकडेचा ८ × ४ फुटांचा फ्लेक्स कोरलड्रॉ या आरेखनाच्या आज्ञावलीतून तसाच फोनवर पाठवण्याची प्रथा आहे. तो पडद्यावर ३४ मिमी. उंचीची पट्टी होऊन बसतो आणि नाटकातील कलाकारांची नावे फक्त कलाकारांनाच वाचता येतात. जाहिरातीच्या चित्रात मजकूर २० टक्क्यांहून अधिक नसावा, हा फेसबुकचा दंडक २०२० मध्ये मागे घेतला गेला. त्यानंतर मजकूर वाढला, पण वाचनीयता वाढली असे म्हणवत नाही.

रंग : जालपृष्ठांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ एवढा प्रकाशभेद (अक्षर व भूमी यांच्या उजेडाचे प्रमाण) मागतात. जत्रेच्या फलकावरील पारंपरिक पिवळ्यावर तांबडे ही जोडी, शुद्ध रंग धरल्यास, सुमारे ३.७ : १ भरते. म्हणजे नाटकाचे नाव त्या रंगांत शोभते, वेळ व ठिकाण काळ्यात घ्यावे लागते. पिवळ्यावर काळे सुमारे १९.६ : १, तर पिवळ्यावर पांढरे १.१ : १ देखील नाही. निळ्यावर तांबडे वर्ज्यच मानावे. ‘गोव्याचे रंग’ म्हणून पोस्टमधून जे दिसते ते बहुधा पणजीतील फोंतेनयाश वाड्याचा पिवळा-निळा, आझुलेज या पोर्तुगीज नक्षीदार फरशीचा निळा-पांढरा आणि कुणबी लुगड्याची तांबडी चौकडी एवढ्यावर थांबते. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीने कोरलेली कावी चित्रे दोनच रंगांची, उंच प्रकाशभेदाची व लहान आकारातही ओळखू येणारी असूनही जाहिरातीत क्वचितच येतात. मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांच्या रेषेची नक्कल मात्र अमाप. ती जाहिरातीत वापरण्यास अनुमती लागते याचा विसर पडलेला असतो.

वापर : पर्यटन हंगामात हॉटेले व उपाहारगृहे, मे महिन्यात पुरुमेताचा (पावसाळ्याच्या बेगमीचा) बाजार, चवथीत सराफ व कापडवाले आणि वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छा असे मागणीचे चक्र आहे. शुभेच्छांच्या पोस्टमध्ये नेत्याचा फोटो केवढा व शुभेच्छुकांचे केवढे, हे आरेखकाच्या हाती नसते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले; मद्याच्या जाहिरातीवर निर्बंध असल्याने तिच्या पोस्टमध्ये काजूचे बोंड, भाटी व भांडी यांचेच चित्रण अधिक आढळते.

पणजीतील आल्तिनो येथील गोवा कला महाविद्यालयात (स्थापना १९७२) उपयोजित कलेचे पदवी शिक्षण मिळते. प्रत्यक्ष व्यवसायात अशा पदवीधरांबरोबर फ्लेक्स छपाईतून आलेले आणि फोनवर पिक्सेललॅब वा कॅनव्हा वापरून शिकलेले असे दोन प्रवाह आहेत. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या कॅनव्हामुळे तयार साचे हाताशी आले आणि म्हापशाच्या बेकरीची पोस्ट व मडगावच्या शिकवणी वर्गाची पोस्ट एकाच साच्यातून निघू लागली.

कायदा : पगारी नोकराने केलेल्या कलाकृतीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार मालकाकडे जातो, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचाही पैसे देणाऱ्याकडे. मोबदला घेऊन पोस्ट टाकणाऱ्या प्रभावकांनी (इन्फ्लुएन्सर) तसे स्पष्ट नमूद करावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून ठरवले आहे. समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना निवडणूक आयोगाच्या ऑक्टोबर २०१३ च्या निर्देशांनुसार पूर्वप्रमाणन लागते. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे देणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने बंधनकारक केले आहे. तोच आराखडा फोनवर फिरवताना तळाची ती ओळ अनेकदा कापली जाते.