कृत्रिम खुब्यामागचं फ्रॅक्चर: ताजं की जुनं?

खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाच्या एक्स-रेत कधी कधी कृत्रिम कपामागे आडवी रेघ दिसते. ओटीपोटाचं हाड खुब्याच्या वाटीतूनच (मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो ती खोबण) दुभंगून वरचा आणि खालचा भाग सुटे झालेले असतात. ही रेघ दोन अगदी वेगळ्या दुखण्यांत दिसते आणि त्यांची ऑपरेशनं जवळजवळ उलट दिशेची आहेत.

पहिलं ताजं फ्रॅक्चर. पडल्यावर किंवा अपघातात होतं. क्वचित ऑपरेशनच्या टेबलावरही होतं. सिमेंटशिवाय बसवायचा कप घट्ट बसावा म्हणून वाटी त्याच्याहून १-२ मिमी लहान कोरतात आणि कप ठोकून बसवतात. ठिसूळ हाडाला तो ताण सोसत नाही. पण अशा हाडात जुळण्याची ताकद सहसा शिल्लक असते. म्हणून सर्जन मागच्या बाजूने प्लेट लावून दोन्ही टोकं एकमेकांवर दाबतो आणि वर-खाली स्क्रू घेणारा सच्छिद्र धातूचा कप बसवतो. तडा सरकलेला नसेल आणि कप पक्का असेल, तर पायावर भार न देता थांबणंही पुरतं.

दुसऱ्या दुखण्यात पडल्याचं आठवतही नाही. कपातलं प्लास्टिक झिजून सुटलेल्या सूक्ष्म कणांना शरीरातल्या पेशी गिळतात आणि त्यातून उठलेला दाह वर्षानुवर्षं हाड पोखरतो. कप सैल होतो, जांघ दुखत राहते आणि शेवटी रोजच्या चालण्यानेच हाड दुभंगतं. फटीत तंतुमय ऊतक भरतं. इथे नुसती प्लेट लावणं मला सर्वांत घातक वाटतं: फटीच्या कडांना एकमेकींशी जुळण्याची ताकदच उरलेली नसते, त्यामुळे प्लेट मोडते किंवा स्क्रू उपटून येतात. म्हणून एका पद्धतीत सर्जन फट मुद्दाम फाकवतो आणि मोठा सच्छिद्र कप त्यात रुतवतो. ताणलेले अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे) त्याला आवळून धरतात. हाड दोन्ही बाजूंनी कपात वाढतं, दोन तुकडे कपामार्फत जोडले जातात. दुसरा मार्ग कपावर, वरच्या आणि खालच्या हाडाला पकडणारा धातूचा पिंजरा बसवण्याचा. फारच हाड गेलं असेल, तर सीटी स्कॅनवरून त्या रुग्णापुरता तीन पंखांचा कप घडवतात. तो तयार व्हायला काही आठवडे जातात.

फरक ओळखायला जुने एक्स-रे फार मोलाचे असतात, ते कृपा करून जपा. सीटी स्कॅनमध्ये फटीच्या कडा आणि उरलेलं हाड दिसतं. कप सैल असेल तर जंतुसंसर्गही आधी तपासावाच लागतो: रक्तातल्या दाहाच्या चाचण्या (सीआरपी, ईएसआर) आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून.