एक प्रथिन, दोन किल्ल्या

२०१८ साली चीनमधल्या जुळ्या मुलींच्या जनुकबदलाची बातमी आली आणि ‘सीसीआर५’ हे नाव पेपरात झळकलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचं हे एक प्रथिन; संदेश टिपणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर. सूज आलेल्या जागेहून निघालेले केमोकाइन नावाचे रासायनिक सांगावे तो टिपतो. एचआयव्हीचे बरेच विषाणूही याच दारानं आत शिरतात. पेशींच्या अर्कात तो किती आहे, हे मोजतात ते सँडविच एलायझा नावाच्या चाचणीनं; तिच्यात प्रथिन दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडतात.

प्लॅस्टिकच्या खाचेच्या तळाला एक अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून धरणारं प्रतिपिंड, चिकटवलेली असते. अर्क ओतला की ती सीसीआर५ला धरते. बाकीचं धुऊन टाकायचं. मग दुसरी अँटिबॉडी येते आणि त्याच प्रथिनाला दुसऱ्या जागी धरते. दोन अँटिबॉडी कशासाठी? एकटीला तोतया फसवू शकतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच हे. दुसरीच्या अंगावर बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, त्याला स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन घट्ट बिलगतं आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनला जोडलेलं एन्झाइम रंगहीन द्रव निळा करतं. आम्ल घातलं की तो पिवळा होतो. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाचं वाचन घ्यायचं आणि माहीत असलेल्या प्रमाणांच्या आलेखाशी ताडायचं. धुण्यात हयगय झाली, तर प्रथिन नसतानाही पिवळा रंग येतो!

आता खरी गंमत. रक्तात तरंगणारं प्रथिन पकडणं सोपं, पण सीसीआर५ पेशीच्या स्निग्ध पटलातून टाका घातल्यासारखं सात वेळा आरपार गेलेलं असतं. बाहेर डोकावतं ते एक टोक आणि तीन फासे, बस्स. सोडवायला डिटर्जंट लागतं. ते सौम्य पडलं तर प्रथिन सुटत नाही, जहाल झालं तर घडी विस्कटते आणि घडी ओळखणारी अँटिबॉडी गोंधळते. शिवाय दोन अँटिबॉडींनी एकमेकींना कोपर मारता कामा नये.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: रक्तातलं जादा बायोटिन स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा अडवतं आणि काही सँडविच चाचण्यांत आकडा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियंत्रक संस्थेनं २०१७ साली तसा इशाराही दिला होता. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्या जाहिरातीत हे नसतं.

आणि हो, अर्कात पेशीच्या आतले नि बाहेरचे ग्राही एकत्र मोजले जातात. फक्त पृष्ठभागावरचे हवे असतील, तर अख्ख्या पेशी फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रातून सोडाव्या लागतात.