तारांमुळे वाढलेल्या हिरड्या आणि उपचार

दात सरळ करण्यासाठी तारा लावल्यावर काही रुग्णांच्या हिरड्या सुजून, जाड होऊन दातांवर चढू लागतात. दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण आधी फुगतो; वाढ फार झाली तर ब्रॅकेटही, म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडाही, अर्धा झाकला जातो. किशोरवयात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात, आणि तारा लावण्याचे वयही बहुधा तेच असते.

मुख्य कारण प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर. ब्रॅकेट आणि हिरडीची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत साधा ब्रश नीट फिरत नाही. ब्रश लागताच रक्त येते, म्हणून रुग्ण नेमकी तीच जागा टाळतो आणि सूज वाढतच जाते. काहींना तारेतल्या निकेलची ॲलर्जी असते. फेनिटॉइन (फिट्सवरचे), सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे), ॲम्लोडिपिन (रक्तदाबावरचे) यांसारख्या औषधांनीही हिरड्या वाढतात, त्यामुळे चालू औषधांची चौकशी आधीच करावी लागते. असे औषध बदलायचे की नाही, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

हिरडी वर चढल्याने दाताभोवतीची खाच खोल भासते. ही खाच बहुधा खोटी असते. आतले हाड शाबूत असते. एक्स-रेमध्ये हाड झिजलेले दिसले, तर प्रश्न निराळा.

उपचाराची सुरुवात सफाईने होते. स्केलिंग करून, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडून काढून, दोन दातांमध्ये आणि तारेखाली फिरणारा बारीक ब्रश रुग्णाच्या हाती देऊन, तो आरशासमोर वापरून घेतला जातो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा थोडे दिवसच द्याव्यात. जास्त वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले की मऊ, लाल सूज बरीच ओसरलेली दिसते. घट्ट, तंतुमय झालेली हिरडी मात्र घासून जात नाही.

तिच्यासाठी जिंजिव्हेक्टॉमी, म्हणजे वाढलेली हिरडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया, करतात. भूल देऊन खाचेच्या तळाची खूण बाहेरून हिरडीला टोचून, रक्तबिंदूंनी केली जाते आणि साधारण ४५ अंशांचा तिरका छेद घेऊन जादा भाग काढला जातो, म्हणजे हिरडीची कड पातळ राहते. खाली घट्ट हिरडीची पुरेशी पट्टी उरणार नसेल, किंवा हाडही दुरुस्त करायचे असेल, तर हा मार्ग चालत नाही. मग फ्लॅप शस्त्रक्रिया, म्हणजे हिरडी उचलून आतून काम करण्याची शस्त्रक्रिया, करावी लागते. डायोड लेझरने रक्तस्राव कमी होतो, म्हणून तारा असताना तो सोयीचा. हिरडी कापणारे विद्युत उपकरण धातूच्या ब्रॅकेटजवळ जपूनच वापरावे लागते. साधन कोणतेही असो, घासण्यात हयगय झाली की हिरडी पुन्हा वाढते, आणि सफाई न सुधारता घाईने केलेली शस्त्रक्रिया बहुधा वाया जाते.

हिरडी ब्रॅकेटवर चढून दात हलवणेच अडत असेल, तर तारा असतानाच ती कापावी लागते. सफाई जमतच नसेल, तर तारा काही काळ काढूनही ठेवतात. फक्त दिसण्याचा प्रश्न असेल, तर थांबणे बरे. तारा निघाल्यावर काही महिन्यांत बरीच सूज आपोआप उतरते, आणि मग उरलेल्या वाढीपुरताच छेद घ्यावा लागतो.