रॅम्प दाराला, पायऱ्या विंगेत

आमच्या नाट्यमंडळाच्या वार्षिक सभेपुढे यंदा एक ठराव आहे. कार्यकारिणीतली एक जागा अपंग सभासदासाठी ठेवावी आणि जिना चढावा लागेल अशा ठिकाणी तालीम घेऊ नये, असं त्यात म्हटलंय. त्याची ही पार्श्वभूमी.

खान्देशात आंधळा गायक किंवा पेटीवाला काही नवा नाही. भजनी मंडळात चाल अडली की आधी त्यालाच विचारतात. हा मान गळ्याचा, हाताचा. मंडळाचे पैसे, दौरे ठरवायच्या बैठकीला मात्र त्याला कोणी बोलावत नसे. तमाशात लंगडणारा, तोतरा, बहिरा ही सोंगाड्याची हुकमी सोंगं. हशा पिकायचा, आणि ज्याची नक्कल चालायची तसा एखादा समोर गर्दीत बसलेला असायचा.

अपंगांसाठीचा 1995चा कायदा मुख्यतः शिक्षण आणि नोकरीभोवती फिरला. 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्यात सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क म्हणून आला. 2016च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्याच्या कलम 29 मध्ये अपंग कलावंताला सुविधा आणि पाठबळ द्यावं, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रमही त्यांना जमतील असे करावेत, असं स्पष्ट लिहिलंय. नाट्यसंस्थांत हे कलम वाचलेली माणसं मला फार भेटलेली नाहीत.

आपल्याकडे खरा वाद झाला तो वेगळ्या स्पर्धेवरून. राज्य नाट्य स्पर्धेत बालनाट्याबरोबर दिव्यांग बालनाट्याची स्वतंत्र स्पर्धा भरू लागली. बाजूने बोलणारे म्हणतात, त्याशिवाय विशेष शाळांतली मुलं रंगमंचावर आलीच नसती. हे खरंच आहे. मूकबधिर मुलांचा प्रयोग मी पाहिलाय. विंगेत बसलेल्या बाई बोटांनी ताल मोजत होत्या आणि पंधरा मुलं एका क्षणी वळत होती. पण ही मुलं अठराची झाल्यावर जातात कुठे? हौशी मंडळांच्या दाराशी कोणी त्यांची वाट पाहत नाही. ‘त्यांची वेगळी स्पर्धा आहे ना’ हे उत्तर मी तीन मंडळांत ऐकलंय. सोय म्हणून केलेली वाट अशी अडवणुकीच्या कामी आली. शब्दाचंही तेच. 2015च्या अखेरीस ‘दिव्यांग’ आला, सरकारी कागदावर रुळला. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने तो वादग्रस्त म्हटला. आमचे सभासद स्वतःला अपंग म्हणवतात, म्हणून ठरावातही तोच शब्द आहे.

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत 2022 मध्ये संपली. नाट्यगृहांच्या दाराला रॅम्प आले, म्हणजे प्रेक्षकाची सोय झाली. कलाकार तिथे गृहीतच नाही. रंगमंचावर जायला विंगेमागून पायऱ्याच. तीन वर्षांपूर्वी एका प्रयोगाला आमच्या पेटीवाल्याला, लहानपणी पोलिओ झालेल्या, दोघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. आधी पेटी गेली, मग तो. तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या तालमीला आला नाही. एसटीत त्याला 75 टक्के सवलत आहे, पण तालीम रात्री दहाला सुटते तेव्हा त्याच्या गावाची गाडी कधीच गेलेली असते.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाची टर उडवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत फरक केला. आमच्या एका वगातलं तोतऱ्याचं सोंग त्यानंतर आम्ही काढून टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असंही न्यायालयाने सांगितलं. ठरावाचा मसुदा त्यानंतर सुरू झाला. तालमीच्या जागेचं वाक्य पेटीवाल्याने स्वतः लिहून दिलंय.