नेहरूंच्या नावावर फिरणारे वाक्य आणि डॉ. ना. भा. खरे

‘मी शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ अपघाताने हिंदू’ हे वाक्य नेहरूंचे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे येते. नेहरू असे कधी बोलले नाहीत. हे त्यांच्याबद्दल म्हणणारा माणूस होता हिंदू महासभेचे माजी अध्यक्ष डॉ. नारायण भास्कर खरे. १९५९ साली नेहरूंविषयीच्या एका लेखसंग्रहात त्यांनी ते लिहिले. पुढे ते नेहरूंच्याच तोंडी घातले गेले आणि मूळ लिहिणारा विसरला गेला.

खरे यांचा जन्म १८८४ सालचा, पनवेलचा. लाहोरला वैद्यकीचे शिक्षण घेतले, सरकारी नोकरी केली, ती सोडून नागपुरात दवाखाना थाटला आणि तिथूनच काँग्रेसच्या राजकारणात आले. १९३७ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा हाच शब्द होता.

पुढच्या सगळ्याची गाठ जुलै १९३८ मध्ये आहे. मंत्रिमंडळात मराठी आणि महाकोशलचे हिंदीभाषक असे दोन तट होते. मे महिन्यात पचमढीला वल्लभभाईंसमोर समेट झाला, पण तो टिकला नाही. २० जुलैला खरे, गोळे आणि रामराव देशमुख यांनी राजीनामे दिले. महाकोशल गटाच्या रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी मात्र नकार दिला. गव्हर्नरांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि २१ च्या पहाटे खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेस श्रेष्ठींना न विचारता, इंग्रज गव्हर्नरच्या अधिकाराचा आधार घेऊन! दोनच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालील कार्यकारिणीने वर्ध्याला त्यांना जबाबदारीच्या पदासाठी अपात्र ठरवले आणि शुक्ल पंतप्रधान झाले. नव्या मंत्रिमंडळात खरे यांनी अग्निभोज या दलित सदस्याला घेतले होते, तेच गांधीजींना रुचले नाही, असा त्यांचा आरोप राहिला. आंबेडकरांनीही त्याची नोंद घेतली आहे. माझ्या मते खरे यांच्यावर अन्याय झाला की नाही यावर वाद होऊ शकतो; पण त्यांचा गांधी-नेहरूंवरचा राग मात्र इथे रुजला आणि आयुष्यभर ओसरला नाही.

१९४३ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध त्यांनी मंडळात कडक भूमिका घेतली. हे त्यांच्या खात्यावर जमा धरलेच पाहिजे.

मग राजस्थानातले अलवर संस्थान. एप्रिल १९४७ पासून ते त्या संस्थानाचे पंतप्रधान होते आणि त्याच वर्षी तिथे मेव मुसलमानांची कत्तल झाली, सक्तीची धर्मांतरे झाली, संस्थानी फौजही त्यात उतरली. राज्याचा कारभार पाहणाऱ्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही, असे मी स्पष्ट म्हणेन. गांधीहत्येनंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये, केंद्राने त्यांना पदावरून दूर केले. खुनाच्या कटाशी संबंध असल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही.

१९४९ मध्ये ते हिंदू महासभेत गेले आणि लगेच अध्यक्षही झाले. मार्च १९५० मध्ये, नेहरू-लियाकत कराराच्या (अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबाबतच्या भारत-पाकिस्तान कराराच्या) तोंडावर, त्यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार करण्यात आले. त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. निकाल तीन विरुद्ध दोन असा त्यांच्या विरोधात गेला, पण संचारस्वातंत्र्यावरचा तो सुरुवातीचा महत्त्वाचा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

खासदारकी मिळाली ती ग्वाल्हेरमधून. शिंद्यांच्या या जुन्या राजधानीत महासभेचे बळ मोठे होते. वि. घ. देशपांडे १९५२ मध्ये गुना आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही जागांवर निवडून आले, त्यांनी ग्वाल्हेर सोडले आणि पोटनिवडणुकीत खरे लोकसभेत पोहोचले. १९५७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला त्यांनी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले: लोकसभा-विधानसभांचे काही ठिकाणचे मतदान बाकी असताना राष्ट्रपती निवडणारे खासदार-आमदारांचे मतदारमंडळ पूर्ण कसे, असा त्यांचा सवाल होता. अर्ज फेटाळला गेला. पण १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने, मतदारमंडळात जागा रिकामी असल्याच्या कारणावरून या निवडणुकीला हरकत घेता येणार नाही, अशी तरतूद घटनेत घातली गेली.